वर्षभर विकणार नाही

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळपासून डोकं उठलं. आज तीन डिलिव्हऱ्या आणि तिन्ही वेळा तोच तमाशा. कंपनीचा नवा हुकूम आहे. नव्या एसयूव्हीच्या सीटवरचं प्लास्टिक चावी द्यायच्या आधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर फाडायचं, कॅमेऱ्यासमोर. काऊन, तं प्लास्टिकसकट गाडी कोरी दिसते, आणि कोरी गाडी लोक दुसऱ्याच दिवशी वरून पैसे घेऊन पुढच्याले देऊन टाकतात. वेटिंग तेवढं लांब आहे. म्हणून प्लास्टिक फाडा, दुसरी चावी शोरूममध्ये ठेवून घ्या, आणि हमीपत्रावर सही घ्या की वर्षभर विकणार नाही.

हे पुण्यात बसून लिहिणं सोपं आहे. चंद्रपुरात माणसाच्या तोंडावर सांगून पाहा. मूल गावचे एक काका माझा हात धरूनच उभे राह्यले. "बाई, गाडीचे पैसे म्या देल्ले ना? मंग प्लास्टिक कोनाचं?" फाडलं. काका तोंड फिरवून उभे, जसे त्यांचेच कपडे फाडून राह्यली मी. मागून मॅनेजर म्हणतात, "मनीषा, स्माइल."

घरी बल्लारपूरले पोचली तं आईनं फ्रिजमधून पाणी दिलं. फ्रिजच्या दाराचं प्लास्टिक बाबा होते तेव्हापासून तसंच आहे. पिवळं पडलं, पण आई कोणाले हात लावू देत नाई. आणि मी दिवसभर लोकायचं फाडते.

९ नोव्हेंबर, रविवार

कविताची गाडी निघाली. आमच्या घरातली पहिली चारचाकी, आणि ती धाकटीच्या दारात, घुग्घुसले. बाबा असते तं पेपर मिलच्या गेटपर्यंत फिरवून आणायले लावली असती.

बुकिंग तिच्या नवऱ्यानं, सचिननं, उघडल्या दिवशीच केलं होतं, मी काही नंबर पुढं सरकवला नाई. पण नातेवाईक म्हणून हमीपत्रावर जवायाच्या सहीखाली माझी पण सही. मॅनेजरनं बाजूला घेऊन सांगितलं, "यात काही झालं तं मी तुले वाचवू शकत नाई. आधीच सांगून ठेवतो." मी हसत हसत सही केली. सचिन माणूस सरळ आहे. सिमेंटमधली नोकरी, शिफ्ट, घर. कधी वर तोंड करून बोलला नाई.

फक्त प्लास्टिकसाठी मागं लागला. "ताई, राहू द्या ना. घुग्घुसची धूळ मालूम आहे ना तुमाले." म्हटलं, कॅमेरा सुरू आहे, जवाई असो की मंत्री, सगळ्यायले एकच. पुन्हा म्हणे राहू द्या. पुन्हा नाई म्हटलं. तोंडच उतरलं त्याचं. वाईट वाटलं मले. सगळेच मागतात, पण घरच्या माणसाले नाई म्हणणं जड जाते.

कविताची लेक परी स्टिअरिंग धरून बसली होती. हॉर्न वाजवे आणि खोकले. दोन वर्षं झाली मी कविताले सांगून राह्यली की त्या धुळीतून निघा, चंद्रपुरात खोली पाहा. डॉक्टर पण तेच म्हणतात. आज काही बोलली नाई, आनंदाचा दिवस होता. कविता म्हणे घरी नेऊन आधी वंदना घेऊ, मग पेढे वाटू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीचे साहेब आले पुण्याहून. यापुढं पु. सा. लिहीन. सिरोंच्यापलीकडे, तेलंगणात, आपल्या भागातल्या गाड्या शोरूमच्या भावापेक्षा कितीतरी वर जाऊन राह्यल्या म्हणे, म्हणून तपासणी.

वयानं माझ्याएवढेच. बोलणं गोड, चहा बिनसाखरेचा. डिलिव्हरीचे सगळे व्हिडिओ पाहिले आणि यादी काढली. "मॅडम, ज्यांनी प्लास्टिक ठेवण्याचा आग्रह धरला, त्यांचा हेतू मला स्पष्ट दिसतो."

आधी मले हसूच आलं. मग यादी पाहिली. जवळपास आमची सगळीच गिऱ्हाइकं. मूलचे काका आहेत, सिंदेवाहीचे बोरकर आहेत, गडचिरोलीचे मडावी गुरुजी आहेत. आपला सचिन पण आहे. या सगळ्यायचं नाव कंपनीच्या काळ्या यादीत जाणार. पुढं कधी बुकिंग नाई. आणि शोरूमले येणाऱ्या गाड्या अर्ध्यावर.

माझी जीभ काही थांबत नाई. म्हटलं, "सर, तुम्ही आमच्याकडे कोणाच्या घरात बसले काय कधी?" मॅनेजरनं टेबलाखालून पाय मारला. पु. सा. रागावले नाईत. म्हणाले, "मग दाखवा मला घरं."

दाखवते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज पु. सा.ले घेऊन फिरली. रस्त्यात अर्ध्या डांबरावर धानाचे भारे, गाडी जपून.

सिंदेवाही. बोरकर भात संशोधन केंद्रात कामाले. गाडी अंगणात, वरून त्यायच्या आईची जुनी लुगडी जोडून शिवलेलं झाकण. म्हातारी खाट टाकून बाजूलेच बसली होती, राखण करत. आत गेलो तं टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून. पु. सा. विचारतात, "रिमोटलाही?" बोरकरांची बायको म्हणे, "मंग? हाताचा घाम लागते ना भाऊ." सोफ्यावर प्लास्टिक, गादीवर प्लास्टिक. लग्नातल्या घड्याळाच्या काचेवरचा कागद पण तसाच.

मग मडावी गुरुजी, गडचिरोलीच्या पुढं. शाळेतून निवृत्त. गाडी मोहाच्या झाडाखाली. दार उघडलं आणि पु. सा. बघतच राह्यले. डिलिव्हरीच्या दिवशी मी फाडलेलं प्लास्टिक गुरुजींनी गोळा करून नेलं होतं, आणि घरी सुईदोऱ्यानं शिवून परत सीटवर चढवलं होतं. पांढऱ्या दोऱ्यानं, बारीक टाका. गुरुजी म्हणाले, "बाईनं फाडलं, आमच्या घरच्यांनी शिवलं. धूळ लागते ना साहेब." पु. सा. त्यावर बसले. चुर्रर्र आवाज झाला. मी खिडकीबाहेर पाहिलं, नाईतं तोंडावर हसली असती.

गुरुजींनी जेवल्याशिवाय सोडलं नाई. परत येताना पु. सा.नं यादी पुन्हा काढली. मग म्हणाले, "ठीक आहे मॅडम. तुमच्या शब्दावर मी ही यादी बंद करतो. फक्त प्रत्येकाचा घरासमोर, गाडीसोबत, कुटुंबाचा फोटो पाठवा. नातेवाइकांच्या केसमध्ये कर्मचारीही फोटोत हवा." म्हटलं, पाठवते.

आज छाती वर करून घरी आली. आईले गुरुजींच्या दोऱ्याची गोष्ट सांगितली. आई म्हणे, यात हसण्यासारखं काय आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फोटो गोळा करत फिरून राह्यली. बाकी सगळे झाले. आज ड्युटी करून घुग्घुस. ट्रकामागं ट्रक, गाडीची काच नाई आपल्याले, स्कूटीवर तोंडाले ओढणी बांधून जा. घरी पोचेपर्यंत पापण्या पांढऱ्या.

कविताच्या दारात गाडी नाई.

"सचिनच्या दोस्ताचं लगन आहे सिरोंच्याले. नेली त्यायनं." चहा ठेवता ठेवता, पाठमोरी बोलली. म्हटलं कधी येईल. म्हणे पाहू. म्हटलं फोटो पाहिजे मले, सगळे मिळून. तेव्हा वळली. "फोटो लागतेच काय, ताई?"

सचिन घरात होता. शिफ्टवरून आलो, झोपतो, असं आतूनच म्हणाला. नाईतं मी आली की आधी खुर्ची पुसून देते.

असन. लगीनसराई आहे. नवी गाडी सगळेच मागतात, नाई म्हणता येत नाई.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पहिल्या सर्व्हिसची आठवण करायचे फोन मीच लावते माझ्या गिऱ्हाइकांले. सचिनच्या गाडीपुढं नवा मोबाइल नंबर दिसला, कंपनीच्या अ‍ॅपवरून बदललेला. वाटलं बदलला असन. लावला.

समोर कोणी भलताच माणूस. आधी तेलुगू, मग हिंदी. म्हटलं सचिन आहेत काय. म्हणे, "कौन सचिन? गाडी अपनी है मॅडम. पैसा पूरा दिया है. पेपर एक साल बाद नाम पे होगा, बोल दिया है उसने. सर्व्हिस इधरच करवा लूंगा." किती नम्रपणे बोलला. थँक्यू पण म्हटलं.

फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राह्यली.

प्लास्टिक राहू द्या ना ताई. धूळ म्हणे. मी त्याच्या तोंडाकडे पाहून वाईट वाटून घेतलं. पु. सा.ले दोन जिल्हे फिरवून पटवलं की आमच्याकडे प्लास्टिक मागणारा विकणारा नसते. सगळ्या जिल्ह्यात एकच माणूस त्यायच्या हिशोबासारखा निघाला आणि तो माझ्या बहिणीचा नवरा. सौदा तं डिलिव्हरीच्या आधीच झाला असन. मी नसतं फाडलं तं अजून वर पैसे आले असते, म्हणून तोंड उतरलं होतं.

संताप आला. त्याच्यापेक्षा माझा जास्त.

तो नंबर सिस्टममध्ये तसाच आहे. अजून कोणाच्या नजरेत नाई. पुसला तं माझं नाव लागते, ठेवला तं कधीतरी कोणी पाहीन. काहीच केलं नाई. कॉम्प्युटर बंद करून बसली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काल कामावरच राह्यली, आज अर्धी सुट्टी घेतली. सचिन दिवसपाळीले असतो हे माहीत होतं, पण तो पण घरीच. वाट पाहत होते दोघं, असं वाटलं.

मी चपला पण नाई काढल्या. म्हटलं, गाडी विकली ना?

सचिन खाली पाहून, "हो ताई."

मग मी काय काय बोलली ते लिहीत नाई. आवाज शेजारी गेला असन. सही माझी आहे, म्हटलं. नोकरी माझी आहे. बल्लारपूरच्या घरात त्या पगाराशिवाय दुसरं काही येत नाई, आईची औषधं त्यातच. एक शब्द तरी विचारायचा होता.

सचिन म्हणे, "विचारलं असतं तं तुम्ही नाई म्हटलं असतं." खरं आहे. नाईच म्हटलं असतं.

कविता पुढं आली. मग बोलली. "तूच म्हणे ना, निघा इथून. दोन वर्षं म्हणून राह्यली. निघायले काय लागते, सांग ना. याच्या पगारात चंद्रपुरात घर कुठी येते? गाडीवर जे वरून आलं ते भरून फ्लॅट धरतो आम्ही. तू दिवसभर गाड्या विकते तं ती नोकरी. आमी एक विकली तं चोरी झाली काय?"

म्हटलं, मी खोटी सही करून नाई विकत.

"हो," म्हणे. "तुले तशी पाळी नाई आली."

परी आतल्या खोलीत झोपली होती, दुपारची. खोकला सुरूच. झोपेतच उठून बसते, खोकलते, पुन्हा आडवी होते. आम्ही तिघं ते ऐकत उभे राह्यलो.

दारापर्यंत कविता आली. "ताई, तुह्या नोकरीवर येईन असं नव्हतं वाटलं. आईशपथ." रडली नाई. मी पण नाई. सरळ गडचांदूरच्या फाट्यापर्यंत गेली. मग कळलं की चुकीच्या रस्त्यानं आली. परत फिरली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅनेजर सकाळीच: "सगळे फोटो गेले, फक्त एक राह्यला. तोही तुझ्याच घरचा. सोमवारी साहेब येतात. काय आहे?"

म्हटलं, लग्नाले गेली गाडी.

लग्नाले. माझ्याच तोंडातून निघालं, सटकन. कवितानं मले सांगितलं तेच मी पुढं सरकवलं.

दिवसभर तेच. सांगून टाकलं तं सही माझी, मी गेली. ते तं गेलंच. पण पु. सा.नं यादी माझ्या शब्दावर बंद केली आहे. माझा शब्द खोटा पडला तं ती यादी पुन्हा उघडन. मडावी गुरुजींचं नाव पुन्हा चोरायच्या यादीत, त्या शिवलेल्या सीटसकट. बोरकरांचं पण. आणि सचिनले पैसे परत करावे लागतील, फ्लॅट जाईन. नाई सांगितलं तं सगळे वाचतात. मी पण. फक्त खोटं बोलावं लागते, आणि मले ते जमते हे आज सकाळी कळलं.

आई विचारे, जेवत काऊन नाईस. दोघी बहिणींचं काही झालं काय. म्हटलं, नाई.

संध्याकाळी कविताचा फोन. आवाज बारीक. "सचिननं त्या पार्टीशी बोलून घेतलं. एक दिवसासाठी गाडी पाठवतो म्हणे. रविवारी दुपारी येते. तू ये फक्त. तुह्याशिवाय फोटो चालत नाई ना."

मी हो पण नाई म्हटलं आणि नाई पण नाई म्हटलं. ती समजली हो.

३० नोव्हेंबर, रविवार

गेली.

जाईन की नाई हे बस स्टँडपर्यंत ठरत नव्हतं. मग स्कूटी आपोआप घुग्घुसकडे वळली, आणि मी वळू दिली.

गाडी दारात उभी होती. चकचकीत. इतक्या धुळीत इतकी स्वच्छ गाडी म्हणजे नजरेत भरते, शेजारच्या बाया दारात आल्या. आरशाले नवी काळी बाहुली बांधलेली, आमची नव्हती. सोबत त्यायचा ड्रायव्हर, चाळिशीचा माणूस, हातात पिवळं फडकं. चहा दिला तं उभ्यानंच प्याला. घड्याळ पाहे. अंधार व्हायच्या आत सिरोंच्याच्या रस्त्यानं आष्टीपुढं पोचायचं आहे म्हणे.

कवितानं नवी साडी नेसली होती. सचिननं इस्त्रीचा शर्ट. परीले वाटलं गाडी लग्नाहून परत आली. आत जाऊन बसली ती उतरेच ना. कोणी तिले काही सांगितलेलं नाई.

मी पण फोटोत पाहिजे, मग मोबाइल कोण धरणार. शेजाऱ्यायले बोलवावं तं प्रश्न विचारतील. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, द्या इकडं. माझा मोबाइल त्याच्या हातात. आम्ही गाडीपुढं उभे. मधे परीले उभी केली, मी एका बाजूले, कविता दुसऱ्या. सचिन टोकाले. कसं उभं राहायचं ते त्याले कळत नव्हतं, म्हणून त्यानं बोनेटवर हात ठेवला, जसे सगळे मालक ठेवतात.

ड्रायव्हर मोबाइल खाली करून म्हणाला, "भाऊ, हात काढा. आत्ताच पुसली."

सचिननं हात काढला. खिशात घातला.

"अक्का, थोडं जवळ. हसा."

हसलो आम्ही. त्यानं तीन-चार काढले, चांगला माणूस, वाकून काढले, घराची पाटी पण यावी म्हणून मागं सरकला. मग फडकं झटकलं, परीले उचलून खाली ठेवलं, आणि गाडी घेऊन गेला. परीनं हात हलवला. म्हणे, मोठी आई, आता कोणाचं लगन आहे?

मी तिले बिस्किट आणून देते म्हटलं आणि निघाली.

घरी येऊन फोटो पाहिला. फोटो चांगला आला आहे, हेच वाईट. कोणी पाहिलं तं म्हणेल सुखी घर. मी पण हसून राह्यली, दात दिसतात. शोरूममध्ये रोज स्माइल स्माइल म्हणतात, तेव्हा असं येत नाई.

मॅनेजरचा मेसेज: फोटो?

आई पलीकडं भाजी निवडून राह्यली, तिचं लक्ष माझ्याकडंच आहे. मी मोबाइल उपडा ठेवला. मग पुन्हा उचलला. तेवढ्यात कविताचा मेसेज आला. फ्लॅटचं टोकन दिलं म्हणे, संध्याकाळी. चंद्रपुरात, तिसरा माळा. परीले पण नेलं होतं पाहायले. "तिनं सगळ्या खिडक्या उघडून पाहिल्या ताई. म्हणे, इथं बंद नाई कराव्या लागत?"

कविताले अजून उत्तर दिलं नाई. मॅनेजरले पण नाई. उद्या दहा वाजता पु. सा. शोरूमले येतात. फोटो माझ्याच मोबाइलमध्ये आहे.